कॉल चालू असताना टॉकबॅकचा आवाज बसतो? तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, धागा काढायला तसंच कारण घडलं म्हणून काढतेय. मला अजिबात दिसत नाही, फोन पूर्णपणे टॉकबॅकवर चालवते, म्हणजे बोटाखाली स्क्रीनवर काय आहे ते बोलून सांगणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर. नाशिकमधे एका पतसंस्थेत कामाला आहे आणि काम सगळं फोनवरचंच, म्हणजे दिवसाला तीस-चाळीस कॉल सहज होतात.

गेल्या महिन्यात सीबीएस बसस्टँडला उतरले आणि लक्षात आलं की पर्समधलं एटीएम कार्ड नाहीये. पडलं की कोणी काढलं देव जाणे. तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि बँकेच्या हेल्पलाईनला फोन लावला. पलीकडून रेकॉर्डिंग सुरू, मराठीसाठी हे दाबा, कार्ड बंद करायचं असेल तर ते दाबा, आणि मी कीपॅड शोधायला स्क्रीनवर बोट फिरवतेय तर टॉकबॅकचा आवाज एकदम इतका बारीक झालेला, की शेजारी कंडक्टर "पिंपळगाव, पिंपळगाव" ओरडतोय त्यात बोटाखाली चार आहे का सात तेच कळेना. बटनाने आवाज वाढवला तर वाढली ती रेकॉर्डिंगवाली बाई, टॉकबॅक आहे तिथेच. स्पीकर ऑन केला तर दोघी एकदम बोलायला लागल्या. तीन वेळा "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही" म्हणून कॉल कट झाला.

शेवटी शेजारी उभ्या असलेल्या एका काकांच्या हातात फोन दिला. त्यांनी आकडे दाबले, आणि मग कार्डाचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, सगळं त्यांच्यासमोर सांगावं लागलं. काका चांगले होते, कार्ड बंद होईपर्यंत थांबले, रिक्षात बसवून दिलं. पण ते चांगले निघाले म्हणून निभावलं ना. कार्ड माझं, पैसे माझे, फोन माझ्या हातात, आणि एक आकडा दाबायला मला परक्या माणसाचं बोट लागावं, हे अजून माझ्या मनातून जात नाहीये.

घरी येऊन दोन दिवस त्याच्याच मागे लागले. जे कळलं ते असं. अँड्रॉइडमधे प्रत्येक आवाजाची पट्टी वेगळी असते, रिंगची वेगळी, गाण्याची वेगळी, अलार्मची, कॉलची. स्क्रीन रीडरला स्वतःची वेगळी पट्टी मिळाली ती अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, तिला ॲक्सेसिबिलिटी व्हॉल्यूम म्हणतात. त्याच्या आधी टॉकबॅक गाण्याच्याच पट्टीवर चालायचा. तर माझी ती पट्टी मी रात्री मुलगी झोपते म्हणून पार खाली नेलेली. घरात फोनच्या मोठ्या स्पीकरमधून तेवढं पुरायचं. पण कॉल लागला की टॉकबॅक कॉलच्या मागोमाग कानाच्या छोट्या स्पीकरमधे जातो, म्हणजे आधीच कमी केलेला आवाज आणि त्यात एवढासा स्पीकर. आणि कॉल चालू असताना बाजूचं बटन दाबलं की माझ्या फोनमधे फक्त कॉलचीच पट्टी हलते.

उपाय मला असा सापडला, बटन एकदा दाबायचं, स्क्रीनवर आवाजाची पट्टी येते, तिच्या खालच्या टोकाला सगळे आवाज दाखवणारं एक बटन असतं ते उघडायचं, आत ॲक्सेसिबिलिटीची पट्टी असते ती वर न्यायची. हे कॉल लावायच्या आधीच करून ठेवायचं, कॉल लागल्यावर धांदल होते.

तुमचं काय होतं ते लिहा. फोन कुठला, काय बिघडलं, कशाने सुटलं. सुटलं नसेल तरी लिहा.

सिडकोची सून

ताई, वाचून अंगावर काटा आला. मला दिसतं, पण आमच्या अण्णांची गोष्ट लिहिते. अण्णा म्हणजे सासरे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, वय ७१, आणि अजून रोज आमच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसतात, दळण कुठल्या जाडीचं झालंय ते चिमटीत घेऊन सांगतात. टॉकबॅक माझ्या मुलाने शिकवला त्यांना.

त्यांची तक्रार एकच, "फोन घेतला की बाई मरते." बाई म्हणजे टॉकबॅक. आम्ही एमजी रोडला एका दुकानात फोन घेऊन गेलो, त्या मुलाने न विचारता सगळा फोन रिसेट मारला. नंबर गेले, मराठी आवाज गेला, बाई इंग्रजीत बोलायला लागली. अण्णा दोन दिवस फोनला हातच लावेनात. आणि मूळ दुखणं तसंच्या तसं.

मग माझ्या भाच्याने रविवारी उन्हात बसून फोन नीट बघितला. वरच्या बाजूला कानाच्या स्पीकरची जी बारीक जाळी असते ना, ती पिठाने गच्च भरलेली, पांढरी रेघ दिसत होती नुसती. शिवाय टफन ग्लास काळ्या बॉर्डरचा, ती बॉर्डर बरोब्बर सेन्सरवर आलेली. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करणारा तो सेन्सर. तो झाकला गेला की फोनला वाटतं अजून कानालाच आहे, स्क्रीन काळीच राहते, मग बोट कितीही फिरवा, टॉकबॅक बोलणार कशाला? त्याने ग्लास काढला, कोरड्या मऊ ब्रशने जाळी हलक्या हाताने साफ केली, पाणी नाही की काडी नाही. अण्णांनी लगेच बहिणीला निफाडला फोन लावला आणि पहिलं वाक्य "अगं तुझा आवाज केवढा येतोय."

आता दर गुरुवारी जाळी साफ करते. अजून एक केलंय, सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटीत पॉवर बटनने कॉल बंद करायची सोय असते ती चालू केली, त्यामुळे लाल बटन शोधायला नको.

नाशिकरोड_०९

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात लिहितो. माझं उलटं होतं. कॉलवर असताना फोन कानापासून जरा लांब केला की व्हॉइसओव्हर (आयफोनचा स्क्रीन रीडर) आणि समोरचा माणूस दोघंही मोठ्या स्पीकरवर, ऑफिसात सगळ्यांना माझं घरचं बोलणं ऐकू जायचं. सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर, ऑडिओ इथे जा, कॉलमधे आपोआप स्पीकर निवडायचं एक बटन आहे, मी ते बंद केलं. आवाज कमीजास्त करायला रोटरमधे, म्हणजे व्हॉइसओव्हरच्या झटपट सेटिंगच्या चाकात, व्हॉल्यूम घालून ठेवा, दोन बोटं फिरवून व्हॉल्यूमवर या, मग एक बोट वर-खाली. तो फक्त व्हॉइसओव्हरचा बदलतो, समोरच्याचा नाही. दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की कॉल उचलतो आणि ठेवतोही, हे बहुतेकांना माहीत असेल.

अर्धी_नजर

मी तर कॉल लागला की टॉकबॅक बंदच करतो, आवाजाची दोन्ही बटनं तीन सेकंद दाबून धरायची, काम झालं की परत तसंच. कटकटच नाही.

गोदाकाठची

दादा, तुम्हाला थोडं दिसतं म्हणून ते जमतं. मी बंद केला तर माझ्यासाठी ती नुसती गुळगुळीत काच आहे. पण थोडं दिसणाऱ्यांना उपयोगी आहे, राहू दे.

अर्धी_नजर

बरोबर आहे ताई, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सातपूरचा मास्तर

मी स्वतः अंध आहे, गेली बरीच वर्षं आपल्या मुलामुलींना मोबाईल शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या दर दहातल्या पाच जणांचं हेच रडगाणं असतं आणि त्यातल्या बहुतेकांना वाटतं फोन खराब झाला. कोणी नवीन फोन घेतात, हप्त्यावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

पहिलं, गोदाकाठच्या ताईंच्या फोनमधे बटनाने कॉलचाच आवाज बदलतो, पण काही फोनमधे टॉकबॅक बोलत असतानाच बटन दाबलं तर टॉकबॅकचा बदलतो. एकदा घरी मित्राला फोन लावून, त्याला गप्प बसायला सांगून, शांतपणे करून बघा. कंपनीगणिक फरक आहे, शेजाऱ्याच्या फोनवरून आपल्या फोनचा अंदाज बांधू नका.

दुसरं, टॉकबॅकला कमी बोलायला शिकवा. त्याच्या सेटिंगमधे व्हर्बोसिटी, म्हणजे किती बोलायचं ते ठरवणारा भाग आहे, त्यात वापराच्या सूचना बोलणं बंद करता येतं. कीपॅडवर "पाच" एवढंच हवं असतं आपल्याला, त्याच्या शेपटीला "सक्रिय करण्यासाठी डबल टॅप करा" कशाला? ती शेपूट संपेपर्यंत पलीकडचं रेकॉर्डिंग पुढे गेलेलं असतं. आणि मधेच त्याला गप्प करायचं तर दोन बोटांनी एकदा टॅप, बोलणं थांबतं.

तिसरं, आणि हे मी प्रत्येकाला करायलाच लावतो. ज्या हेल्पलाईनला नेहमी फोन करायचा असतो तिचा नंबर सेव्ह करताना नंबरच्या पुढे कॉमा टाका. डायलरच्या मेनूत त्याला दोन सेकंदांचा पॉज म्हणतात. एक कॉमा म्हणजे दोन सेकंद थांबणं. समजा मराठीसाठी तीन आणि मग कार्डासाठी एक दाबायचं असेल तर नंबर, मग तीन-चार कॉमा, मग ३, मग परत कॉमा, मग १. फोन लागला की थांबून थांबून फोनच आकडे दाबतो, आपण कीपॅड उघडायलाच नको. किती कॉमा लागतात ते दोनतीनदा लावून बघावं लागतं. फक्त एक हात जोडून सांगतो, पिन किंवा कार्डाचा नंबर त्यात कधीच घालू नका, फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर सगळं गेलं.

कांदा_बाजार

मास्तर, कॉमाचं माहीत नव्हतं, आजच करतो. मी पिंपळगाव बसवंतला आडतीवर हिशेबाचं बघतो, डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं. लिलावाच्या वेळी तिथे काय आवाज असतो ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल, ट्रॅक्टर चालू, भाव पुकारणारा ओरडतोय, त्यात शेतकऱ्याचा फोन, "भाऊ किती फुटला?" मी एका कानात ब्लूटूथ घालतो. तर गंमत बघा, गाणी ऐकताना टॉकबॅक खणखणीत आणि कॉल लागला की तोच आवाज मडक्यातून आल्यासारखा. मला वाटायचं ब्लूटूथ स्वस्तातलं आहे म्हणून होतंय, दोन बदलले.

मग कळलं की ब्लूटूथ गाण्यासाठी वेगळ्या पद्धतीने जोडलेलं असतं आणि कॉलसाठी वेगळ्या. कॉलच्या वेळी माईकही चालवायचा असतो म्हणून आवाज हलक्या दर्जाचा होतो, आणि टॉकबॅकही त्याच वाटेने येतो. ब्लूटूथ बदलून ते जात नाही. मला ज्याने फरक पडला ते म्हणजे टॉकबॅकचा आवाजच बदलला, ईस्पीक टाकलं. त्याचं मराठी ऐकायला यंत्रासारखं वाटतं, घरचे वैतागतात, पण त्या गोंगाटात गोड आवाजाचे शब्द विरघळून जातात आणि ईस्पीकचा एकेक आकडा टोचल्यासारखा कळतो. दुसरं म्हणजे डेव्हलपर ऑप्शनमधे ब्लूटूथचा ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करायचं बटन असतं, ते केल्यावर फोनचा आवाज वेगळा आणि कानातल्याचा वेगळा ठेवता यायला लागला. ते जपून करा, कानातल्याचा आवाज एकदम फुल असेल तर पडद्याला मार बसतो.

अजून न सुटलेलं, व्हॉट्सॲप कॉलवर माझा टॉकबॅक साध्या कॉलपेक्षाही हळू येतो. कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

सातपूरचा मास्तर

भाऊ, व्हॉट्सॲप कॉल चालू असतानाच पट्ट्या उघडून ॲक्सेसिबिलिटीची कुठे आहे ते बघा. आणि टॉकबॅकच्या सेटिंगमधे ऑडिओ डकिंग चालू करून बघा, त्याने टॉकबॅक बोलताना बाकीचे आवाज दबतात. गाण्यावर चालतं, कॉलवर प्रत्येक फोनमधे चालतंच असं नाही, पण बघायला काय जातं.

एका_कानाची

मी कधी लिहीत नाही, वाचते फक्त. आज लिहिते. मला दिसत नाही आणि डाव्या कानाने ऐकूही येत नाही, लहानपणीच्या तापात गेलं. लोक म्हणतात एक कान कॉलला ठेवा, एक कान टॉकबॅकला. माझ्याकडे एकच आहे. फोन त्या कानाला लावला की रस्त्याचा आवाज बंद, म्हणजे गंगापूर रोडला चालताना फोन आला तर मी जागेवर उभी राहायचे, काठी पायाशी धरून, कॉल संपेपर्यंत. लोक हात धरून पलीकडे नेऊन सोडायचे, मला जायचंच नसायचं तिकडे.

दिवाळीला भावाने हाडातून ऐकू येणारा हेडफोन दिला, बोन कंडक्शन. तो कानात जात नाही, कानाच्या पुढे गालाच्या हाडावर बसतो. पहिल्यांदा घातला आणि आईचा फोन आला, आई बोलतेय, टॉकबॅक वेळ सांगतोय, आणि त्याच वेळी मागून सिटीलिंकची बस येतेय तीही मला ऐकू येतेय. मी चालत राहिले. एवढंच सांगायचं होतं. गर्दीत त्याचा आवाज कमी पडतो, तेव्हा वर लिहिलंय तसं ॲक्सेसिबिलिटीची पट्टी वर ठेवते.

सिडकोची सून

ताई, लिहीत जा गं. खूप बरं वाटलं वाचून.

गोदाकाठची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांचं कॉमाचं करून बघितलं. पहिल्यांदा तीन कॉमा टाकले, आकडा लवकर गेला, बाईने परत पहिल्यापासून सुरू केलं. पाच टाकले तर मराठी लागली पण पुढचा एक आधीच दाबला गेला. पहिल्या आकड्याच्या आधी पाच आणि दुसऱ्याच्या आधी चार, असं बसलं एकदाचं. पलीकडून "कार्ड विभागात आपले स्वागत आहे" आलं तेव्हा माझा हात टेबलावर होता, स्क्रीनला लागलेलाही नव्हता. "काही नाही हो, ट्राय करत होते" म्हणून फोन ठेवला.

कांदा बाजारवाल्या भाऊंच्या व्हॉट्सॲपचं अजून सुटलेलं नाही, ज्यांना माहीत असेल त्यांनी फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड कितवं ते लिहून सांगा.