मदत हवी आहे: मालवणहून आणलेली जुनी फायबर बोट, ट्रान्सम कुजलाय, उजनीत उतरवायची आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात होटगी रोडला राहतो. दीड महिन्यापूर्वी मालवणहून एक जुनी फायबरची स्पीडबोट विकत घेतली. लांबी १५ फूट, मागे यामाहाचं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. आधी ती पर्यटकांना फिरवायची, नंतर तीन पावसाळे किनाऱ्यावर उघडी पडून होती. आयशरमध्ये घालून आणली आणि आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आहे.

बोट कशासाठी, ते आधी सांगतो. आईचं माहेर करमाळा तालुक्यातलं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आई आता सत्तरीला आली. "एकदा त्या पाण्यावर घेऊन चल, आमचं घर कुठं होतं ते मी दाखवते," असं ती कितीतरी वर्षं म्हणते आहे. तिकडच्या एखाद्या होडीत बसवून नेता आलं असतं. पण मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. तेव्हापासून अनोळखी होडीत तिला बसवायचं माझं धाडस होत नाही. स्वतःची बोट असावी, तिचा प्रत्येक बोल्ट मला माहीत असावा, एवढीच इच्छा.

आता मूळ अडचण. इंजिन ज्यावर लटकतं ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, आतून गेला आहे असं माझं मत झालंय. चेन ब्लॉक लावून इंजिन उतरवलं आणि लाकडी हातोडीनं सगळीकडे ठोकून पाहिलं. वरचे कोपरे टणटण वाजतात, पण इंजिनच्या खालच्या बोल्टांभोवती आवाज बद्द येतो. मग आतल्या बाजूनं सहा ठिकाणी ६ मिमीची भोकं पाडली. वरच्या दोनांतून कोरडा भुसा निघाला. खालच्या चारांतून काळा, ओला, आंबट वासाचा लगदा. बोल्टांची भोकं कुणी कधी सीलच केलेली नाहीत. पाणी काढायच्या बुचाच्या भोकातही फळीच्या आतल्या प्लायवूडची कड उघडीच आहे. पाणी तिथूनच शिरलं असणार.

इथं पाण्याच्या टाक्या बनवणारे एक फायबरचे कारागीर येऊन बघून गेले. म्हणाले, "भोकांतून रेझिन सोडू, वरून दोन थर फायबरची मॅट मारू, एका दिवसात होईल." मला हे पटत नाही. ओल्या लाकडाला रेझिन धरणार कसं? आणि सत्तरएक किलोचं इंजिन पूर्ण जोरात असताना फळी सुटली तर?

म्हणून जाणकारांना विचारतो. ट्रान्सम आतून उघडावा की बाहेरून? पॉलिएस्टर रेझिन चालेल की इपॉक्सीच हवं? सध्या दुपारी पारा ४२ च्या पुढे जातोय, त्यात हे काम करावं का?

इंजिनचं थोडक्यात: दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) ११५ आणि ११० पीएसआय आलं. गिअर ऑइल मात्र दुधी निघालं. ड्रममध्ये चालवल्यावर इंजिन गार करून मागून येणारी पाण्याची धार करंगळीपेक्षा बारीक होती, म्हणून मिनिटभरात बंद केलं.

ट्रेलर नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकजण बनवून देतो म्हणतो. गाडी बोलेरो आहे. मोहोळ, टेंभुर्णीमार्गे शंभर किलोमीटरच्या आत अंतर आहे.

बंदरकाठ (रत्नागिरी):

दादा, तुमचा संशय बरोबर आहे. भोकांतून रेझिन सोडणं म्हणजे कुजलेल्या दाताला वरून चांदी बसवणं. उघडावंच लागेल.

आतून उघडा. बाहेरचं कवच शाबूत राहिलं तर तेच तुमचा साचा होतं आणि जेलकोट, म्हणजे वरचा रंगीत गुळगुळीत थर, तोही वाचतो. कडेपासून चार-पाच सेंटीमीटर सोडून आतलं कवच ग्राइंडरनं कापा आणि लगदा छिन्नीनं पूर्ण खरवडा. मग आठवडाभर वाळू द्या. आमच्याकडे ही सोय नाही, तुमच्याकडे ऊन फुकट आहे. मूळ जाडी मोजून तेवढीच भरा. बहुधा १८ मिमीचे दोन थर चिकटवून बसतील. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच (मरीन प्लाय) घ्या. साधा वॉटरप्रूफ म्हणून विकतात तो नको. बसवण्याआधी कडांना रेझिन पाजून घ्या.

जुन्या फायबरवर इपॉक्सीची पकड पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी चांगली. मात्र इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड वापरा. पॉलिएस्टरसाठी मिळते त्या नेहमीच्या मॅटमधला धागे धरून ठेवणारा डिंक इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून ती नीट बसत नाही. कारागीर पॉलिएस्टरवरच अडून बसला तर एक गोष्ट त्याच्यासमोर उभं राहून पाहा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र होता कामा नयेत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. काम पहाटे पाच ते आठ. दुपारी डब्यातच दगड होईल.

बोल्टांची भोकं मोठी पाडून घट्ट इपॉक्सीनं भरा आणि त्यातूनच नवी पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचणारच नाही. आणि हे विसरू नका: तळाचा डेक उचलून खालचे बोटीच्या लांबीत जाणारे दांडे आणि फोम तपासा. ट्रान्सम इतका गेला असेल तर ओल पुढेही सरकलेली असते.

दुधी ऑइल म्हणजे सील गेलं. प्रॉपेलर शाफ्टचं सील आधी बघा, तिथं गळाची दोरी गुंडाळलेली हमखास सापडते. इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) नवाच घाला आणि थर्मोस्टॅट काढून मीठ साफ करा. कोरडं इंजिन क्षणभरही चालवू नका, रबर जळतं. खाऱ्या पाण्यातलं जस्ताचं अॅनोड (स्वतः झिजून इंजिन गंजू न देणारा तुकडा) गोड्या पाण्यात नीट काम करत नाही. मॅग्नेशियमचं लावा.

भीमाकाठ (टेंभुर्णी):

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप खातं. पाइप, प्रायमर बल्ब (पेट्रोल चढवायचा रबरी फुगा), पंपाचा डायफ्राम सगळं बदला. पाणी वेगळं काढणारा फिल्टर लावा आणि परत आल्यावर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. ऑइल बोटीचंच, टीसी-डब्ल्यू३. लुनात घालतो ते नाही.

ट्रेलर बनवताना बोट, इंजिन, टाकी धरून एकूण वजन आधी काट्यावर करा. त्याच्या साधारण ७ ते १० टक्के भार हुकवर यायला हवा. सहाशे किलो भरलं तर ४२ ते ६० किलो. कमी आला तर साठच्या वेगातच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. एक्सल पुढे-मागे सरकेल असा बोल्टांचा करून घ्या, वेल्डिंग शेवटी. दोन साखळ्या हुकखाली फुलीसारख्या बांधा. ट्रेलरची आरटीओत नोंदणी लागते. बोटीचीही करून घ्या, अंतर्देशीय नौका कायदा २०२१ सालचा आहे.

धरणावर पोचल्या पोचल्या चाकं पाण्यात घालू नका. तापलेलं बेअरिंग गार पाण्यात गेलं की पाणी आत ओढून घेतं. अर्धा तास थांबा, चहा घ्या. पाण्याखाली जुन्या बाभळींचे बुंधे आणि पडक्या भिंती आहेत, जाळीही असतात. इंजिन बंद करणारी दोरी हातात अडकवूनच बसा. आईंना लाइफ जॅकेट तुम्ही स्वतः बांधा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल डेक उचलला. डावा दांडा शेवटचा दीड फूट ओला आहे, उजवा कोरडा. फोम पिळला तर पाणी गळतं. सगळा काढून टाकतोय. कारागिरांना इपॉक्सीचं सांगितलं, ते पहाटे यायला तयार झाले.

आईला म्हटलं, दिवाळीनंतर जाऊ, पाणी भरलेलं असेल, बुंध्यांची भीती कमी. ती म्हणाली, "भरल्या पाण्यात काय दिसणार? देवळाच्या भिंती वर येतात तेव्हा ने." भीमाकाठ, पाणी उतरल्यावर तिथपर्यंत बोट नेता येईल का?

भीमाकाठ:

येईल, पण इंजिनवर नाही. फेब्रुवारीच्या शेवटी या. मी आधी दोन दिवस होडीनं जाऊन वाट बघून ठेवतो आणि बुंधे आहेत तिथं बांबू रोवतो. शेवटचे दोनशे मीटर इंजिन वर उचलायचं आणि वल्ह्यानं जायचं. वल्ही दोन आणा, लांब. आणि गावाचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा. माझी आत्या त्याच पट्ट्यातली आहे, तिलाही विचारतो.