प्रोटोएव्हिसला इतक्या सहज मोडीत काढायचं?

टेकडीवाला: रविवारी पाषाण तलावावर पक्षी बघता बघता आमच्या कंपूत वाद पेटला, तो इथे आणतोय. मूळ कोलकात्याचे जीवाश्मशास्त्रज्ञ शंकर चॅटर्जी यांना 1980च्या दशकात टेक्ससमध्ये काही हाडं मिळाली. 1991मध्ये चॅटर्जींनी त्या हाडांच्या प्राण्याला प्रोटोएव्हिस नाव दिलं. ट्रायासिकमधला (सुमारे 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला) पक्षी, म्हणजे सर्वांत जुना पक्षी म्हणून गाजलेल्या आर्किऑप्टेरिक्सहून सहा-सात कोटी वर्षं जुना! आज त्याला कोणी विचारत नाही. परदेशी शास्त्रज्ञाचा शोध असता तर?

चिकित्सक_कोथरूड: तर हेच झालं असतं. अहो, अखंड सांगाडा मिळालाच नाही. सुटी, चेंगरलेली हाडं होती. मांडीचं हाड थेरोपॉड (दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतेक मांसाहारी) डायनोसॉरचं वाटतं, मान ड्रेपानोसॉर या झाडावर राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यासारखी. बहुतेकांच्या मते ही अनेक प्राण्यांची मिसळ आहे. पिसांचा ठसा तर नाहीच. हाडावरच्या उंचवट्यांना चॅटर्जी पिसांच्या खुणा म्हणतात, बाकीच्यांना त्या पटत नाहीत.

टेकडीवाला: संशय काय, आर्किऑप्टेरिक्सवरही घेतला होता. 1985मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल मंडळींनी लंडनच्या संग्रहालयातला त्याचा जीवाश्म बनावट ठरवला होता.

चिकित्सक_कोथरूड: उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. संग्रहालयाने तपासलं, तेव्हा दगडाच्या दोन्ही फाळक्यांवरच्या केसाएवढ्या भेगा पिसांच्या ठशांतून जाऊन एकमेकींशी जुळल्या. आरोप तिथेच संपला. प्रोटोएव्हिसमध्ये असं ताडून बघायला आहे काय? आणि इथे लबाडीचा मुद्दाच नाही, जुळवणीचा आहे. लबाडी बघायची तर 1999चा आर्किओरॅप्टर हा बनावट जीवाश्म बघा: पुढचा भाग पक्ष्याचा, शेपूट मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनोसॉरची, डिंकाने चिकटवलेली.

पेठेतली_साळुंकी: दोघंही भांडताय, पण चॅटर्जी स्वतः पक्षी थेरोपॉडपासूनच आले असं मानतात! प्रोटोएव्हिसचा आधार घेतला तो पक्षी डायनोसॉरपासून आले हे न मानणाऱ्यांनी. पक्ष्यांसारखा थेरोपॉड डायनोनिकस सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचा, आर्किऑप्टेरिक्स 15 कोटींचा, मग नातवंड आजोबांच्या आधी कसं, असा त्यांचा सवाल. चीनमधला पिसांचा डायनोसॉर अँकिऑर्निस सुमारे 16 कोटींचा निघाला, तेव्हा त्या सवालातली हवा गेली. शिवाय डायनोनिकस थेट पूर्वज आहे असं म्हणतंय कोण? तो चुलत शाखेतला. (आपल्या बसाल्टात मात्र यातलं काही शोधू नका, वेताळ टेकडी लाव्हाची आहे.)

टेकडीवाला: पूर्वजांबद्दल माझी तक्रार नाहीच. माझा प्रश्न काळाचा आहे. ट्रायासिकमध्ये पक्षी नव्हतेच, हे कशावरून?

चिकित्सक_कोथरूड: नव्हतेच असं मी म्हटलेलं नाही. होते, हे दाखवायची जबाबदारी तुमची. मान, पंख, पाय एकाच दगडात जागच्या जागी असलेला एक सांगाडा दाखवा, त्या दिवशी मी तुमच्या बाजूने लिहीन.