स्टेक फहिता: मांस चामट, अवोकाडो सॉस कडवट

हावरट_डॅलस
फहितासाठी (भाजलेल्या मांसाच्या चकत्या, भाज्यांसोबत पोळीसारख्या टॉर्टियात गुंडाळून खायच्या) स्कर्ट स्टेक (गोमांसाची पोटाजवळची लांब, पातळ पट्टी) रात्रभर लिंबाच्या रसात मुरवून नॉनस्टिकवर परतला की पाणी सुटतं, मांस राखाडी होतं आणि चावता चावता जबडा दुखतो. अवोकाडो सॉस वरून घालून मिनिटभर गरम केला की कडू लागतो. शनिवारी सहा जण जेवायला आहेत. नेमकं काय बदलू?

बिडाचातवा
रात्रभर लिंबू नको. आंबटाने वरचा थर पिठूळ होतो, आतला चिवटपणा तसाच राहतो. सहा जणांना १ किलो मांस घ्या, वरचा पांढरा पापुद्रा ओढून काढा. ३ टेबलस्पून तेल, २ टेबलस्पून सोया सॉस, ५ लसूण पाकळ्या ठेचून, २ टीस्पून जिरेपूड, २ टीस्पून तिखट, १ टीस्पून मीठ लावून दोन तास ठेवा. ३ टेबलस्पून लिंबाचा रस शेवटच्या अर्ध्या तासात.

तव्यावर टाकण्याआधी कागदाने खरंच कोरडं पुसा, लसणाचे कण काढून. ओलं मांस भाजलं जात नाही, उकडतं. नॉनस्टिक इतक्या आचेला चालत नाही. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, एका वेळी दोनच तुकडे, दर बाजूला २ ते ३ मिनिटं. एक्झॉस्ट आधीच लावा, नाहीतर स्मोक अलार्म कोकलणारच. आत ५५ अंश सेल्सियस झालं की काढा. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला मात्र ६३ अंश आणि वर ३ मिनिटं विश्रांती असा आहे. कुणी गरोदर किंवा वयस्कर असेल तर तोच पाळा.

कांदा आणि ढोबळी मिरची नंतर, त्याच तव्यात, वेगळी.

सुरीवाली
निम्मा चामटपणा कापण्यात असतो. स्कर्टची पट्टी लांब, पण मांसाचे रेषे (धागे) तिच्या रुंदीत धावतात. भेंडीसारखी सरळ आडवी चिरत गेलात तर अख्खे रेषे दाताखाली येतात. आधी पट्टीचे १० सेंमीचे तुकडे करा, मग प्रत्येक तुकडा काटकोनात फिरवून अर्ध्या सेंमीच्या चकत्या. त्याआधी ७-८ मिनिटं झाकून ठेवा. जमलेला रस भाज्यांवर ओता.

हावरट_डॅलस
हे रेषांचं कुणीच सांगत नाही! सॉसचं?

सुरीवाली
अवोकाडो गरम केला की कडवटतो. सॉस गारच, ताटात वाढताना घाला. २ पिकलेले हास अवोकाडो (खडबडीत, पिकल्यावर काळपट होणाऱ्या सालीचे), अर्धा कप सार क्रीम (आंबट साय), २ टेबलस्पून लिंबाचा रस, मूठभर कोथिंबीर, बिया काढलेली एक हालापेन्यो (मेक्सिकन हिरवी मिरची), अर्धी लसूण पाकळी, अर्धा टीस्पून मीठ. पाणी चमच्याचमच्याने, धारेने पडेल इतपतच. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घालू नका, तेही कडू होतं. आधी करून ठेवायचा असेल तर प्लास्टिकचा पातळ कागद सॉसच्या पृष्ठभागाला चिकटवा. हवा लागली की काळपट पडतो.

पणजीकर
इकडे स्कर्ट मागून मिळत नाही. अंडरकट (पाठीच्या कण्याखालचं मऊ मांस, टेंडरलॉइन) घ्या. मऊच असतो, मुरवायला अर्धा तास पुष्कळ. सार क्रीमऐवजी चक्का आणि थोडी साय. आपल्याकडचं हिरवं, गुळगुळीत बटर फ्रूट (अवोकाडोच) पाणचट असतं, सॉसमध्ये पाणी मुळीच घालू नका. पिकलं तरी ते हिरवंच राहतं, देठाजवळ दाबून बघा.