मदत हवी आहे: ताई आणि भाची कोल्हापुरात अडकल्यात. लंडनचं विमान आणि तिथलं हॉटेल क्वारंटाईन, आधी काय पक्कं करावं?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
१२ जून २०२१

नमस्कार मंडळी,

माझी थोरली बहीण बर्मिंगहॅमला एका केअर होममध्ये नर्स आहे. बाबांच्या बायपाससाठी ती मार्चमध्ये सात वर्षांच्या लेकीला घेऊन कोल्हापुरात आली. ऑपरेशन चांगलं झालं, बाबा आता घरातल्या घरात हिंडतात. एप्रिलअखेर तिला परत जायचं होतं. १९ एप्रिलला इंग्लंडने जाहीर केलं की २३ तारखेच्या पहाटेपासून भारत रेड लिस्टमध्ये, म्हणजे जिथून येणाऱ्यांना हॉटेलात क्वारंटाईन सक्तीचं अशा देशांच्या यादीत. मधल्या चार दिवसांत आम्ही जिवाचं रान केलं, पण तिकीट मिळालं नाही. जादा विमानांना लंडनच्या हीथ्रो विमानतळाने नकार दिल्याची बातमी तेव्हा तुम्हीही वाचली असेल.

तिचं परतीचं तिकीट एका ब्रिटिश विमान कंपनीचं आहे. ते उड्डाण कंपनीने रद्द केलं, नवी तारीख दिली, मग तीही पुढे ढकलली. आता मेल आलाय की व्हाउचर घ्या. तिकीट दाजींनी तिकडून एका एजंटामार्फत काढलं होतं. एजंट म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते एजंटाशी बोला. दाजी रात्रपाळी करून आल्यावर फोन कानाला लावून बसतात.

दुसरीकडे हॉटेलचा खर्च. रेड लिस्टमधून येणाऱ्याला हॉटेलात दहा दिवस, म्हणजे ११ रात्री. एका मोठ्या माणसाचे १,७५० पौंड आणि पाच ते बारा वयाच्या मुलाचे ३२५. दोघींचे २,०७५ पौंड, आपले दोन लाखांच्या वर. ताईचे लसीचे दोन्ही डोस इंग्लंडमध्येच झालेत, पण रेड लिस्टला त्याने काहीही फरक पडत नाही. रजा बिनपगारी चालू आहे आणि जुलैच्या मध्यापर्यंत हजर न झाल्यास नोकरीचं अवघड होईल असं तिला सांगण्यात आलंय.

माझे प्रश्न असे. विमानाचे पैसे रोख परत मागावेत का, आणि कसे? हॉटेल आधी बुक करायचं की तिकीट? विमान पुन्हा रद्द झालं तर हॉटेलचे पैसे बुडतात का? आरटी-पीसीआर कोल्हापुरात करून मुंबई गाठणं जमेल का? आणि सगळ्यात जास्त काळजी भाचीची आहे. सात वर्षांचं पोर इतके दिवस एका खोलीत कसं राहील? ज्यांनी मुलांसोबत हे काढलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. बाबांना वाटतंय की आपल्यामुळेच लेक अडकली. ते बोलत नाहीत, पण जेवण कमी झालंय त्यांचं.

---

आंबा_घाट

दादा, मी गेल्या वर्षी दुबईहून वंदे भारतच्या (परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या सरकारी मोहिमेच्या) विमानाने आलो. तेव्हा नियम सात दिवस स्वखर्चाने हॉटेल आणि सात दिवस घरी असा होता. मुंबईत उतरल्यावर बसने हॉटेलात नेलं. तिथून सुटून गावी आलो तर किणी टोलनाक्यावर तपासणी, गावच्या वेशीवर दक्षता समिती, हातावर शिक्का. आई दारात उभी, आणि मी अंगणाच्या पलीकडून नमस्कार केला. त्यामुळे तुमच्या घरात काय चाललंय ते कळतंय.

पैशाचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा १ ऑक्टोबर २०२० चा निकाल आहे. विमान रद्द झालं तर पूर्ण पैसे परत. तो निकाल जोडून मेल टाका.

---

रविवार_पेठ

आंबा_घाट, निकाल खरा आहे, पण तो इथे लागू होणार नाही. तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या तिकिटांपुरता होता. क्रेडिट शेल (रद्द तिकिटाचे पैसे पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा), त्याची ३१ मार्च २०२१ ची मुदत, हे सगळं त्यातलं. या ताईंचं तिकीट नंतरचं आहे. तो निकाल जोडलात तर कंपनी त्याच मुद्द्यावर मेल परत पाठवेल आणि आणखी आठवडा जाईल.

तुमच्या कामाचा कायदा वेगळा आहे. युरोपचा २६१/२००४ हा प्रवासी हक्कांचा नियम ब्रिटनने बाहेर पडल्यावरही स्वतःच्या कायद्यात ठेवलाय. ब्रिटिश कंपनीचं विमान भारतातून ब्रिटनला जाणारं असेल तरी तो लागतो. (भारतीय कंपनीच्या मुंबई-लंडन उड्डाणाला लागत नाही, इतरांनी हे लक्षात ठेवा.) उड्डाण कंपनीने रद्द केलं तर निवड प्रवाशाची: एकतर सात दिवसांत पैसे परत, किंवा त्याच तिकिटावर दुसऱ्या उड्डाणात जागा. प्रवाशाने लेखी मान्य केल्याशिवाय व्हाउचर गळ्यात मारता येत नाही. जबाबदारी विमान चालवणाऱ्या कंपनीची आहे, तिकीट एजंटाकडून काढलं असलं तरी.

आता मुद्द्याची गोष्ट. पैसे परत मागू नका. एकदा परतावा घेतला की ताईंना पोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपली, आणि आजच्या भावाने नवं तिकीट तुम्हालाच काढावं लागेल. दुसऱ्या उड्डाणात जागा मागा, भाड्यातला फरक द्यावा लागत नाही. दाजींनी कंपनीला थेट मेल लिहावा: व्हाउचर नको, परतावा नको, २६१ च्या कलम ८ खाली अमुक तारखेच्या आसपासच्या उड्डाणात दोन जागा हव्यात. तारीख तुम्ही सुचवा, त्यांच्यावर सोडू नका. फोनवर बोललात तरी नंतर तेच मेलने कळवा.

तरीही हटून बसले आणि दाजींनी पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर तिकडच्या १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ आहे, त्याखाली कार्डाच्या बँकेकडेच पैसे मागता येतात, १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीसाठी. पण मध्ये एजंट असल्याने बँक काखा वर करू शकते, म्हणून तो शेवटचा उपाय. हॉटेलचा खर्च मात्र विमान कंपनीकडून मिळणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

---

स्लाऊ_व्हाया_इचलकरंजी

ताईंच्या भावाला नमस्कार. मी मे महिन्यात मुलाला घेऊन हीथ्रोजवळच्या हॉटेलातून बाहेर पडले. मुलगा आठ वर्षांचा. सगळं लिहिते, कारण जायच्या आधी मला कुणी सांगणारं नव्हतं.

आधी क्रम. तिकीट लेखी पक्कं, मग हॉटेल, मग पीसीआर, शेवटी पॅसेंजर लोकेटर फॉर्म (प्रवासाची आणि मुक्कामाची माहिती देणारा तिकडचा सरकारी फॉर्म). तो फॉर्म पोचायच्या आधीच्या ४८ तासांत भरायचा असतो आणि त्यात हॉटेल बुकिंगचा नंबर लागतो, म्हणून हॉटेल शेवटपर्यंत लांबवता येत नाही. तारीख बदलली की विमानात बसायच्या आधीच हॉटेलचं बुकिंग बदलून घ्या. भरलेले पैसे आणि बदलाच्या अटी बुकिंगच्या पानावर असतात, दाजींना पैसे भरण्यापूर्वी त्या नीट वाचायला सांगा. हॉटेल आपल्याला निवडता येत नाही. घर बर्मिंगहॅमला असलं तरी मुंबईची थेट विमानं हीथ्रोला उतरतात, आणि १ जूनपासून रेड लिस्टवाल्यांसाठी टर्मिनल ३ वेगळं केलंय.

उतरल्यावर ताण पहिल्या काही तासांचाच. इमिग्रेशनची रांग, मग बॅगा, मग बसची वाट. या काळात मुलांना भूक लागते आणि हाताशी काही नसतं. पाठीवरच्या पिशवीत खाणं आणि रिकामी पाण्याची बाटली ठेवा.

खोलीत जेवण कागदी पिशवीत दाराबाहेर ठेवतात, दार वाजवून जातात. शाकाहारी हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि पोचल्यावर रिसेप्शनला पुन्हा फोन करा. पहिले दोन दिवस आम्हाला थंड सँडविचच आली. नंतर मी मेनूचा कागद मागून घेतला, त्यावर खुणा करून दिल्यावर भात-भाजी मिळू लागली. बाहेरून जेवण मागवता येत होतं, हॉटेलचे लोक दारापर्यंत आणून देत. किटली खोलीत होती. मेतकूट, भाजके पोहे, उपम्याचं कोरडं पीठ, शेंगदाण्याची चटणी यांनी मला तारलं. एक सांगते, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. खव्याचे पेढे, बर्फी, सुकं मटण, काहीही बॅगेत घालू नका. कोल्हापूरचं माहेर म्हटल्यावर आई काय काय भरेल ते मला ठाऊक आहे!

दुसऱ्या आणि आठव्या दिवशी टेस्ट. पाच वर्षांवरच्या मुलांचीही होते. घरी आरशासमोर नाकात काडी घालायची सवय करून ठेवा, माझा मुलगा पहिल्यांदा फार रडला. पॉझिटिव्ह आलं तर मुक्काम वाढतो आणि जादा दिवसांचे पैसे वेगळे.

आता मुलांचं. खिडकी आमची उघडत नव्हती. मोकळ्या हवेसाठी सुरक्षारक्षकाला फोन करून वेळ मागावी लागते, मग तो सोबत येतो आणि पार्किंगच्या एका कोपऱ्यात थोडा वेळ फिरू देतो. ही वेळ रोज सकाळी उठल्याउठल्या मागा, दुपारी मिळत नाही. खोलीत मी पलंगाच्या दोन बाजू केल्या होत्या: खिडकीकडची शाळा, दाराकडचं घर. शाळेच्या बाजूला टीव्ही बंद. आजी-आजोबांशी रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, आणि तेव्हा आजोबा त्याला एक कोडं घालायचे, उत्तर दुसऱ्या दिवशी. तो त्या कोड्याची वाट बघत दिवस काढायचा. तुमच्या बाबांना हे काम द्या. त्यांचंही जेवण सुधारेल.

रडू येतं एखाद्या दिवशी, मोठ्यांनाही. ताईंना सांगा, त्यात काही कमीपणा नाही.

---

पंचगंगा_घाट

एक शंका. रेड लिस्टमध्ये नसलेल्या तिसऱ्या देशात दहा दिवस राहून गेलं तर हॉटेल लागत नाही असं ऐकलंय. घरीच क्वारंटाईन होता येतं. दोन लाख वाचतील की.

---

रविवार_पेठ

नियमात बसतं, पण लहान मुलीला घेऊन मी सुचवणार नाही. १२ मे रोजी तुर्की, मालदीव आणि नेपाळ एका फटक्यात रेड लिस्टमध्ये गेले. दहा दिवस काढायला म्हणून जे तिथे थांबले होते त्यांचा तो खर्चही गेला आणि हॉटेलचाही डोक्यावर बसला. शिवाय त्या देशाचे स्वतःचे नियम, व्हिसा, आजारी पडलं तर दवाखाना. तिकीट हातात असताना हा फेरा कशाला?

यादीचा आढावा दर तीन आठवड्यांनी होतो. त्याकडे लक्ष ठेवा, पण त्या आशेवर तारीख पुढे ढकलू नका. दोघींच्या बीआरपी कार्डांची (ब्रिटनमधल्या राहण्याच्या परवान्याची) मुदतही आजच बघून घ्या.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. इचलकरंजीच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी वही घेतली आणि कोडी लिहायला बसले.

दाजींनी मेल पाठवलाय, रविवार_पेठ यांनी सांगितला तसाच. पीसीआरचं कुणी सांगेल का? आपल्याकडे अजून रुग्ण खूप आहेत, चौथ्या स्तराचे निर्बंध आहेत, लॅबवर ताण आहे.

---

बावड्याची_लाईन

भावा, मी लॅबमध्येच कामाला आहे. इंग्लंडला उड्डाणाच्या आधीच्या तीन दिवसांतली टेस्ट लागते. कोल्हापूर ते मुंबई गाडीने सात-आठ तास धर. इथे स्वॅब देऊन रिपोर्टची वाट बघत बसलास आणि उशीर झाला तर जीव टांगणीला. मुंबईत किंवा पुण्यात कुणी पाहुणे असतील तर दोन दिवस आधी जा आणि तिथेच स्वॅब दे. राज्याने दर ठरवून दिलेत: लॅबच्या केंद्रावर ५००, घरी येऊन घेतला तर ८००. त्याच्यावर कुणी मागितले तर देऊ नकोस.

रिपोर्ट इंग्रजीत पाहिजे. नाव पासपोर्टवर आहे तस्सं, जन्मतारीख, स्वॅब घेतल्याची तारीख, लॅबचं नाव आणि संपर्क. लग्नाआधीचं-नंतरचं नाव असा घोळ बायकांच्या बाबतीत लई होतो, स्वॅब देतानाच पासपोर्ट पुढे ठेवायचा. अकराच्या आतल्या मुलांना ही टेस्ट लागत नाही, म्हणजे भाचीचा प्रश्न नाही. आणि विमान पुढे ढकललं तर तीन दिवसांचा हिशेब पुन्हा घाल.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
१९ जून २०२१

कंपनीचं उत्तर आलं. आधी पुन्हा व्हाउचरच पुढे केलं. दाजींनी तोच मेल कलमासकट परत पाठवला, तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोन जागा दिल्या, जादा पैसे न घेता. ई-तिकिटाचा नंबर हातात आल्यावरच हॉटेल बुक केलं. पैसे दाजी आणि मी मिळून भरले. ताईने मालकांना तारीख आणि बुकिंगची प्रत पाठवली. हॉटेलचे दिवस बिनपगारी धरून नोकरी कायम ठेवतो असं त्यांनी लेखी दिलंय.

ठाण्याला मावशी आहे, तिच्याकडे दोन दिवस आधी जाऊन स्वॅब देणार. आईने चटणी कुटायला घेतलीय, दुधाचं काही भरायचं नाही हे तिला पटवून झालंय. भाची रोज आरशासमोर काडीचा सराव करते.

एवढंच विचारायचं राहिलंय: हीथ्रोला बसची वाट बघताना मुलांच्या खाण्याचं स्लाऊच्या ताईंनी लिहिलंय, पण रात्रीच्या विमानाने जाणाऱ्यांना तिथे किती वेळ धरावा लागला? जूनमध्ये टर्मिनल ३ वर उतरलेलं कुणी असेल तर सांगा, त्या हिशेबाने पिशवी भरतो.