क्लिंटन प्रकरण: लफडं मोठं की खोटं बोलणं?

निशाचर: काल परत अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनचा तो जानेवारी १९९८ चा व्हिडिओ बघितला, बोट नाचवत सांगतोय की त्या बाईशी (म्हणजे मोनिका लेविन्स्कीशी) माझे लैंगिक संबंध नव्हते, आणि १७ ऑगस्टला टीव्हीवर कबुली. मग महाभियोग नक्की कशाचा, लफड्याचा की खोट्याचा? आणि एवढं होऊन लोक त्याच्याच बाजूने कसे?

खवचट: लफडं हा गुन्हाच नव्हता रे. शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायाच्या कामात अडथळा, हे दोन आरोप. दोषी ठरवायला सिनेटमध्ये ६७ मतं लागतात, पडली पहिल्या आरोपावर ४५ आणि दुसऱ्यावर ५०. सुटला. 'इज' या शब्दाचा अर्थ काय यावर ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) कीस पाडणारा माणूस, शेवटी वकीलच तो!

मुक्ता: सुटला कुठे, लैंगिक छळाचा दावा लावणाऱ्या पॉला जोन्सला साडेआठ लाख डॉलर मोजले, आर्कान्सातली वकिलीची सनद ५ वर्षं गेली. पण मला खटकतं ते वेगळंच, मोनिका २२ वर्षांची इंटर्न आणि हा राष्ट्राध्यक्ष, दोघांची मर्जी होती म्हणून विषय संपतो का? आणि टिंगल कुणाची झाली वर्षानुवर्षं, तर तिची!

काकाश्री: नोकऱ्या होत्या, बजेट शिलकीत होतं, लोक म्हणाले घरचं तो आणि हिलरी बघतील. त्यात विरोधी रिपब्लिकन पक्षाचा नेता गिंगरिच, त्याचंही तेव्हा बाहेर चालू होतं, २००७ मध्ये स्वतःच कबूल केलं 😄

निशाचर: मुक्ता, पटलं. सनदेचं माहीतच नव्हतं.