पोर्तुगीज येत नसताना गोवा-पोर्तुगाल तुलनेचा लेख जर्नलला पाठवावा का?

मांडवीकाठ:
गेल्या दोन वर्षांत गोव्याच्या नागरी कायद्यावरच्या लेखांचे पाच-सहा मसुदे माझ्याकडे वाचायला आले. सगळे तौलनिक कायद्याच्या जर्नलला जाणार होते, सगळ्यांत गोवा-पोर्तुगाल तुलना होती, आणि मूळ पोर्तुगीज मजकूर एकानेही उघडलेला नव्हता. असा लेख पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

एका मसुद्यातलं वाक्य: 'गोव्यात पतीच्या निधनानंतर पत्नीला निम्मी मालमत्ता वारशाने मिळते.' चूक. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि तिचा अर्धा भाग आधीपासूनच पत्नीचा असतो. हाच 'मेआसांव'. वारशात जातो तो फक्त नवऱ्याचा अर्धा, आणि पोर्तुगीज काळापासून गोव्यात चालत आलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे मुलं असताना पत्नी त्यात वारस म्हणून येतच नाही. पोर्तुगालने मात्र १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि १९७७ च्या दुरुस्तीने जोडीदाराला मुलांबरोबर वारस केलं. खरा फरक इथेच आहे, आणि दोन्हीकडे 'वारसा' लिहून लेखकाने तोच पुसून टाकला.

सदाशिव_पेठ:
ताई, उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही. ही चूक पोर्तुगीज न येण्याची नाही, कायदा नीट न वाचण्याची आहे. गोव्याच्या विधानसभेने वारसा आणि इन्व्हेंटरीसाठी (म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी करणाऱ्या कोर्टातल्या कारवाईसाठी) २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो २०१६ पासून लागू आहे आणि इंग्रजीत आहे. त्यात 'मॉइटी होल्डर' (सामाईक मालमत्तेतल्या अर्ध्याचा मालक) आणि 'वारस' वेगळे दिलेत. सप्टेंबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही इंग्रजीतच आहे: गोव्यात अधिवास असलेल्यांच्या गोव्याबाहेरच्या, भारतातल्या मालमत्तेलाही हाच कायदा लागू. आज पक्षकार ज्या मजकुरावर भांडतात तोच अभ्यासला तर काय बिघडलं?

मी एलएलएमचा विद्यार्थी आहे आणि मलाही असाच लेख पाठवायचा आहे. भाषेची अट घातलीत तर या विषयावर लिस्बनची माणसं लिहितील, आम्ही नाही.

मडगावकर:
मी इन्व्हेंटरीचीच कामं करतो. पक्षकाराला समजावताना मी शंभर रुपयांचा हिशेब सांगतो. पन्नास बायकोचे. उरलेल्या पन्नासातले पंचवीस मुलांचे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. मृत्युपत्राने देता येतात ते फक्त पंचवीस. यासाठी पोर्तुगीज लागत नाही.
पण 'काबेसा द काझाल' हा शब्द घ्या. शब्दशः अर्थ लावून 'कुटुंबप्रमुख' लिहिणारे मी पाहिलेत. तो असतो वारसा-मालमत्तेचा कारभारी. वाटणी होईपर्यंत हिशेब त्याच्याकडे. हे कोर्टात बसून कळतं. त्यामुळे माझं मत दोघांपेक्षा वेगळं: भाषेआधी एक पूर्ण इन्व्हेंटरी फाइल वाचा.

मांडवीकाठ:
सदाशिव_पेठ, गोव्याची बाजू इंग्रजीत भागेल, हे मान्य. पण तुमच्या शीर्षकात पोर्तुगालही आहे ना? तिथे करार न केल्यास आता फक्त लग्नानंतर कमावलेलंच सामाईक होतं, आणि तो कायदा पोर्तुगीजमध्येच आहे. एक बाजू मूळ निकालांतून आणि दुसरी कुणाच्या तरी सारांशातून, याला मी तुलना म्हणत नाही. परीक्षक पहिल्या तळटीपेतच ते ओळखतो.

सदाशिव_पेठ:
मग ते लपवायचं नाही. पोर्तुगालची कलमं कोणत्या भाषांतरातून घेतली हे पहिल्याच तळटीपेत लिहायचं आणि दावा तेवढाच करायचा. शीर्षकही बदलीन: गोव्यातली सामाईक मालमत्ता हा मुख्य विषय, पोर्तुगाल लेखातल्या फक्त एका प्रकरणापुरता.

दख्खनी:
पाठवण्याबद्दल एक सांगतो, कारण मी इथेच अडकलो होतो. परीक्षकांकडून तपासून घेणाऱ्या जर्नलला एका वेळी एकाच ठिकाणी लेख द्यायचा असतो. अमेरिकेतली विद्यार्थ्यांनी चालवलेली लॉ रिव्ह्यूज एकाच वेळी अनेकांकडे पाठवू देतात. ती सवय इकडे आणू नका. मी दोन ठिकाणी पाठवला आणि दोन्हीकडून परत आला. आणि परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून फाइलच्या प्रॉपर्टीजमधूनही नाव काढा.

मांडवीकाठ:
शीर्षक बदलणार असाल तर माझा विरोध बराच कमी होतो, संपत नाही. पोर्तुगालच्या प्रकरणातली कलमं मला पाठवा. मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचून देईन.

सदाशिव_पेठ:
सात कलमं आहेत, ताई. आज रात्री पाठवतो. तोवर लेख कुठेच देत नाही.