‘तारण’, ‘मुक्ती’ आणि ‘खंडणी’: ख्रिस्ती मराठीतले नेमके अर्थ काय?

विचारणा : मराठी बायबल वाचताना ‘तारण’ हा शब्द सतत भेटतो. बँकेत सोनं तारण ठेवतात तेच हे तारण का? आणि ‘मुक्ती’, ‘मोक्ष’, ‘उद्धार’ हे शब्द हाताशी असताना हाच का निवडला? शिवाय मत्तय २०:२८ मध्ये येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला असं आहे. खंडणी तर गुंड वसूल करतात!

प्रतिसाद : शब्द एकच, वाटा दोन: बँकेतल्या तारणाची वेगळी, बायबलातल्या तारणाची वेगळी. ‘तरणे’ म्हणजे पाण्यावर राहणं, पार जाणं. ‘तारणे’ म्हणजे दुसऱ्याला पार नेणं. भवसागर तरून जाण्याची भाषा वारकरी अभंगांत भरपूर आहे, त्यामुळे ‘तारण’ मराठी कानाला परकं कधीच नव्हतं. फरक आहे तो कशापासून तारायचं यात. अभंगात बहुधा जन्ममरणाच्या फेऱ्यातून. मत्तय १:२१ मध्ये ‘पापांपासून’. येशू हे नाव ठेवण्याचं कारणही तिथेच दिलंय: तो आपल्या लोकांना तारील. मूळ हिब्रू नावातच तारणाचा अर्थ आहे.

‘मोक्ष’ टाळण्यामागचं कारणही यातून कळतं. मोक्ष म्हटला की पुनर्जन्म संपणं, देह कायमचा सुटणं हे अर्थ मागोमाग येतात. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानाची आहे, म्हणजे देहासकट उठण्याची. देह गळून पडला की सुटलो, असं तिथे मानत नाहीत.

दुसरा प्रतिसाद : वरचं पटलं, पण ‘मुक्ती’ टाळली असं म्हणता येणार नाही. तिचं काम वेगळं आहे. बायबलातलं इफिसकरांस पत्र १:७ बघा: रक्ताच्या द्वारे ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’. रोमकरांस ३:२४ मध्येही हीच जोडी. मूळ ग्रीकमध्ये इथे गुलामाला किंवा कैद्याला मोल देऊन सोडवण्याचा शब्द आहे. म्हणजे मराठी बायबलात तारण ही व्यापक गोष्ट आणि मुक्ती म्हणजे किंमत मोजून झालेली सुटका. ‘खंडणी’ आज बदनाम झाली हे खरं, पण जुन्या मराठीत ती ठरवून भरायची रक्कम होती. दुबळे राजे बलाढ्य राजांना भरत. शब्द रस्त्यावर आला तो नंतर.

मला गंमत वाटते ती ही की हे सगळे शब्द चोपडीतले आणि कचेरीतले आहेत. इफिसकरांस १:१४ मध्ये पवित्र आत्मा हा आपल्या ‘वतनाचा विसार’ आहे. विसार! जमिनीचा सौदा पक्का करताना आगाऊ द्यायची रक्कम. पुढची सगळी रक्कम येणार याची खूण. ग्रीक शब्दही व्यापारातलाच आहे, म्हणून भाषांतरकारांनी इथे अगदी बरोबर नेम धरला असं मी म्हणेन. ‘हमी’ लिहिलं असतं तर निम्मा अर्थ गेला असता, कारण विसार हा त्या रकमेचाच पहिला हिस्सा असतो. हमी तशी नसते.

तिसरा प्रतिसाद : एक भर. ‘तारणे’साठी असलेलं ग्रीक क्रियापद मराठीत तीन रूपांनी येतं. येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडू लागतो तेव्हा ‘मला वाचवा’ म्हणतो (मत्तय १४:३०). रक्तस्रावाने आजारी असलेल्या बाईला येशू सांगतो, तुझ्या विश्वासाने तुला ‘बरे केले’ (मार्क ५:३४). आणि लूक ७:५० मधल्या पापी स्त्रीला, तुझ्या विश्वासाने तुला ‘तारले’. शेवटच्या दोन ठिकाणी मूळ वाक्य शब्दशः एकच आहे. संदर्भ पाहून मराठी वेगळं करावं लागलं, ते योग्यच. पण बरं होणं आणि तारलं जाणं मुळात एकाच शब्दात आहे, हे वाचकाला कळत नाही.

विचारणा : आणि कवितेत? तिथेही तारणच?

दुसरा प्रतिसाद : कवी मोकळे असतात. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं १६१६ चं ओवीबद्ध क्रिस्तपुराण घ्या. त्यातली मराठीची स्तुती सगळे उद्धृत करतात, पण पुढे वाचणारे थोडे. स्वर्गाला ते बेधडक ‘वैकुंठ’ म्हणतात. ओवी ऐकणाऱ्याला जे ओळखीचं, तेच वापरायचं. याच्या उलट पंडिता रमाबाई: बायबलचं भाषांतर करताना त्यांचा कल साध्या बोलीकडे होता, वेदान्ताचा वास येणारे शब्द त्या टाळत. तरी केडगावच्या संस्थेचं नाव मात्र ‘मुक्ती’च.

कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या रचनांत ख्रिस्त आई होतो, गुरू होतो. विसार आणि खंडणीचा हिशेब तिथे मागे पडतो. आणि तुकोबा तर मुक्तीच नको म्हणतात, संतसंग मागतात, गर्भवासही पत्करतात. आता योहान १७:३ वाचा: सार्वकालिक जीवन म्हणजे काय, तर खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशूला ओळखणं. म्हणजे तेही मुळात सहवासच. दोघांचं म्हणणं एक आहे असा दावा नाही, पण टिळकांना पूल कुठे दिसला असेल ते कळतं.

तिसरा प्रतिसाद : म्हणूनच ‘सार्वकालिक’ हा शब्द अवघड असला तरी ‘चिरंजीव’ किंवा ‘अमर’ यांपेक्षा बरा. चिरंजीव म्हटलं की अश्वत्थामा आठवतो. न संपणारं आयुष्य हाच त्याचा शाप. नव्या भाषांतरांतलं ‘अनंतकाळचे जीवन’ बोलायला सोपं, पण त्यातून फक्त लांबी कळते. योहान ५:२४ मध्ये विश्वास ठेवणाऱ्याला ते जीवन आधीच ‘प्राप्त झाले आहे’.

विचारणा : आभार. मग लिहिताना ‘मला तारण मिळालं’ म्हणायचं की ‘माझं तारण झालं’?

प्रतिसाद : दोन्ही चालतात, ‘तारण पावणे’ जुनं, गीतांत शोभतं. तारणाऱ्याला ‘तारणारा’ किंवा ‘तारणकर्ता’. ‘तारण ठेवणे’ आणि ‘तारण सोडवणे’ मात्र बँकेसाठी राखून ठेवा.